फडकं जुळल्याशिवाय

इब्राम मिस्त्री गेले तेव्हा मी जालन्याच्या लाइनीवर होतो. निरोप पोचेपर्यंत माती होऊन गेली होती. त्याचं मला लई वाईट वाटलं, अजून वाटतं. पण त्यातही एक बरं झालं. माणसाला कफनात पाहिलं की पुढं आठवण काढताना आधी तेच डोळ्यांपुढं येतं. माझं तसं होत नाही. मला मिस्त्री दिसतात ते त्यांच्या स्वतःच्या मोटारीत, दोन्ही हातांनी चाक गच्च धरलेले, मागनं मी भोंगा वाजवून वाजवून दमलो तरी रस्ता न सोडणारे. तिथपर्यंत येतोच मी. आधी माणूस काय होता ते सांगू द्या.

खरं नाव इब्राहीम. पण औरंगाबादेत त्यांना इब्राहीम म्हणणारा मला कुणी भेटला नाही. राज्य निझामाचं, तिकडं मोठी लढाई चाललेली, पेट्रोल मिळायची मारामार, आणि मी औरंगाबाद-गंगापूर सर्व्हिस मोटार हाकत होतो. माझा बाप मेंढरं वळायचा. मी माणसं वळायला लागलो. फरक एवढाच, की मेंढरं जागेवरून भांडत नाहीत.

मिस्त्रींचा कारखाना पैठण गेटाच्या बाहेर, उस्मानपुऱ्याकडं जाताना. कारखाना म्हणजे काय, एक लिंबाचं झाड, त्याला टेकून पत्र्याचं छप्पर, आणि मागं दोन खोल्यांचं घर. घर आणि कारखाना यांच्या मधी गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या अलीकडं तेल, ग्रीस आणि मिस्त्रींची आरडाओरड. पलीकडं आधी त्यांची बायको होती, ती गेल्यावर लेक हमीदा. माणूस ठेंगणा, पोट सुटलेलं, दाढीला मेंदी, आणि डोक्यावर काळी मखमली टोपी. ती टोपी इतक्या वर्षांत इतकं तेल प्यायली होती की ऊन लागलं की कपाळावर ओघळ यायचे. बोलणं फटकळ. कुणी गिऱ्हाईक म्हणालं, "मिस्त्री, मोटार जरा आवाज करतीय," तर हे म्हणणार, "करेल नाय तर काय, तुझ्यासारखी मुकी बसेल?" आणि तो माणूस जन्माचा बडबड्या असायचा.

बढाई मारण्यात तर कुणाला ऐकायचे नाहीत. "मेरे हात का इंजन है," हे वाक्य दिवसातनं कितीदा तरी. एकदा एका मोटारीच्या प्लगांच्या वायरी काढल्या. हाताखालचा गफूर म्हणाला, खुणा करून ठेवू. गफूर वयानं मिस्त्रींपेक्षा थोरला, शांत माणूस. मिस्त्री म्हणाले, "खुणा कायकू? मेरेकू याद नहीं रहता क्या?" मग जोडल्या उलट्यासुलट्या. इंजन चालू करायला स्वतःच पुढचं हँडल मारायला गेले, इंजनानं अशी उलट लाथ घातली की हँडल फिरून मनगटावर बसलं. हाड मोडलं. पट्टी बांधलेला हात गळ्यात घेऊन मला सांगत होते, "नखरेल मोटार आहे, म्हसू. हिचा मालक पण असाच." वायरींचं नाव नाही! गफूर पाठ फिरवून हसत होता. त्या दिवसापासनं एक मात्र झालं, हँडल मारणाऱ्या प्रत्येकाचा अंगठा ते आधी बघायचे. अंगठा बोटांच्याच बाजूला पाहिजे, पलीकडनं मूठ आवळायची नाही. चुकलं तर हातावर पाना बसायचा, मग तो ड्रायव्हर असो की मोटारीचा मालक.

लढाईच्या दिवसांत पेट्रोलच्या तुटवड्यानं मोटारींच्या मागं कोळशाच्या भट्ट्या बसवल्या. कोळसा पेटवायचा आणि त्याच्या धुरावर मोटार चालवायची. माझ्या मोटारीलाही बसवली. मिस्त्रींनी ती बघितली आणि भुईवर थुंकले. "इंजनाला हुक्का पाजायला लागले!" म्हणाले. आणि खरंच, त्या हुक्क्यानं माझ्या इंजनाची वाट लागली. वाळूजच्या अलीकडं एक दिवस असं खडखडलं की आतले उतारू उड्या टाकून खाली उतरले. मोटारीच्या मालकानं ती बैलांनी ओढत मिस्त्रींच्या दारी आणून घातली. त्या निमित्तानं मला मिस्त्रींची फडक्याची तऱ्हा कळाली.

इंजन पार उघडायचं ठरलं तेव्हा मिस्त्रींनी मालकाला सांगितलं, घरचं एक जुनं कापड आणून द्या. मालकानं गुलमंडीच्या बाजारातनं नवीन मांजरपाट घेऊन दिला. मिस्त्रींनी तो त्याच्या अंगावर टाकला. "नवं नक्को. नव्याची खळ सुटते, दोरे सुटतात. घरात धुवून धुवून मऊ पडलेलं पाहिजे. आणि ज्याची मोटार त्याच्याच घरचं पाहिजे." मालक वैतागला, मला म्हणाला, म्हसू, तूच बघ बाबा. मोटार मी चालवत होतो म्हणून माझ्या घरचंही चालेल, असं मिस्त्रींनी ठरवलं. मी घरी गेलो आणि धुरपाचं एक विटकं लुगडं उचललं. बायको अशी भडकली म्हणता! "मला अंगावर ठिगळं, आन मोटारीला लुगडं? मग तिच्यासंगच नांदा!" तरी नेलं.

मिस्त्रींनी ते लुगडं दोन्ही हातांनी टराटरा फाडून चिंध्या केल्या. इंजन उघडलं की जिथं जिथं भोक, तिथं तिथं चिंधी कोंबायची, म्हणजे आत धूळ, वाळू, लिंबाचा पाला काही जायचं नाही. मोटार जोडून होत जाईल तशा चिंध्या काढत यायच्या. सगळेच मिस्त्री हे करतात. पण पुढचं मी दुसऱ्या कुठं पाहिलं नाही. इंजन पुरं जोडून झालं, आता हँडल मारायचं, सगळे जमलेले, की मिस्त्री म्हणायचे, "फडकं आणा." मग गफूर एकूणएक चिंधी आणून झाडाखाली पसरायचा, आणि दोघं उकिडवे बसून फाटलेल्या कडेला कड लावत ते लुगडं परत भुईवर अख्खं मांडायचे. कडा जुळल्या, मधी कुठं भोक राहिलं नाही, की मगच इंजन चालू. भोक दिसलं, तर तेवढी चिंधी इंजनात आहे असं धरायचं, आणि सापडेपर्यंत हँडलला हात लावायचा नाही.

मी म्हणालो, "मिस्त्री, चिंध्या मोजल्या की झालं. हा कशाला खेळ?"

"मोजणारा चुकतो. हा गफूर तर उठता उठता चुकतो. कापड चुकत नाय. भोक पडलं तर आंधळ्याला पण हाताला लागतंय."

त्यामागं एक गोष्ट होती, ती गफूरनं सांगितली. मिस्त्री स्वतः कधी सांगायचे नाहीत. ते हैदराबादेत शिकत होते, तेव्हा त्यांचे उस्ताद लई नावाजलेले. उस्तादांनी एका मोठ्या माणसाची मोटार जोडली, आणि एक चिंधी खालच्या तेलाच्या चेंबरमधी राहून गेली. मोटार चालू झाली, गोड चालली, शाबासकी मिळाली. पुढं घाटात ती चिंधी तेलाच्या जाळीवर जाऊन चिकटली, तेल वर चढायचं बंद झालं, बेरिंगं वितळली आणि इंजन जागच्या जागी जाम झालं. माणसं वाचली, पण उस्तादांनी त्या दिवसापासनं पाना हातात घेतला नाही. मरेपर्यंत मशिदीच्या पायरीवर बसून राहिले. मिस्त्रींनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

माझं, म्हणजे धुरपाचं, लुगडं जुळलं. मग पुढची पूजाअर्चा. हो, मी पूजाच म्हणतो. नवीन बांधलेल्या इंजनाला मिस्त्री 'जच्चा' म्हणायचे, म्हणजे बाळंतीण. चूल पेटवून तेल कोमट करायचे, हातावर थेंब घेऊन बघायचे, जसं बाळंतिणीच्या अंगाला लावायचंय. प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं थोडं तेल सोडायचे. मग प्लग बाहेरच ठेवून नुसतं हँडल फिरवायचं. चालू करायला नाही, फक्त तेल वर चढायला. हे काम मोटार ज्याची त्यानं करायचं. मी फिरवतोय, फिरवतोय, खांदे भरून आले, आणि मिस्त्री तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडं बघत बसलेले. "अजून?" म्हटलं की, "तिला विचार." काटा जरा हलला की म्हणायचे, "हौ. पाणी प्यायली." मग प्लग, मग पेट्रोल, मग बिस्मिल्ला. आणि चालू झाल्यावर कुणी बोलायचं नाही. पेचकसाचं टोक इंजनाला आणि लाकडी मूठ कानाला लावून ते चारी बाजूंनी ऐकायचे. त्या वेळी रस्त्यानं जाणाऱ्या टांगेवाल्यावरसुद्धा खेकसायचे.

चालू झाली म्हणजे संपलं नाही. जच्चाला चिल्ला असतो. बाळंतिणीला चाळीस दिवस जपतात तसं इंजनाला जपायचं. उतारू निम्मे घ्यायचे, पळवायची नाही, चढ आला की माणसं खाली उतरवायची. मी एकदा गंगापूरहून जरा तेजीत आणली, तर मोटारीच्या नाकाला नुसता हात लावून यांनी ओळखलं. "बाळंतिणीला शर्यतीत पळवतो का रे? तुझ्या बायकोला विचारतो थांब." आणि खरंच विचारलं! धुरपा त्यांच्याच बाजूची. लुगड्यावरनं एवढी भांडली होती, पण मोटार चालल्यावर आळीभर सांगत फिरली, त्या इंजनात माझं लुगडं गेलंय म्हणून. पुढं मोटार कुठं अडली की आधी मलाच बोल लावायची.

आता मिस्त्रींच्या स्वतःच्या मोटारीचं सांगतो.

जन्मभर दुसऱ्यांच्या मोटारी नीट केल्या, पण घरची माणसं पायीच. त्यांची बायको पडद्यामागनं म्हणायची, "सबकी मोटर चलाते, मेरेकू कब बिठाते?" हे म्हणायचे, आपली स्वतःची होईल त्या दिवशी. दुसऱ्याच्या मोटारीत तुला बसवणार नाही. मोठा ताठा! तापाचं निमित्त झालं आणि ती बिचारी तशीच गेली. त्यानंतर एका जहागीरदाराच्या तबेल्यात पडलेली एक जुनी उघडी मोटार यांनी उचलून आणली. गादीवर कोंबड्या अंडी घालत होत्या. लोकांची कामं आटपली की मिस्त्री तिच्याशी खटपटत बसायचे. एक भाग मिळाला तर दुसरा मिळत नव्हता, दिवसच तसले. एवढ्यात हमीदाचं ठरलं, गंगापूरला. पोरगा जिनिंगमधी मुकादम, चांगला सरळ. मिस्त्री मला म्हणाले, "म्हसू, बारात तुझ्या मोटारीत आण. दुल्हन मात्र माझ्या मोटारीत जाईल. तिची आई नाय बसली. ही बसून जाईल."

तेव्हापासनं त्यांना दुसरं काही सुचेना. फडकं आपल्या घरचंच पाहिजे, तर त्यांनी पेटीतनं बायकोची ओढणी काढली. पांढरी, धुवून धुवून मलमलीसारखी झालेली, चारी कोपऱ्यांना तिनं स्वतः हिरव्या दोऱ्यानं काढलेली वेल. मी तिथंच होतो. म्हणालो, "मिस्त्री, ही ठेवा की. माझ्या घरचं देतो दुसरं." ते म्हणाले, "तिला बसवतो म्हणालो होतो. कापड तरी बसू दे." आणि फाडली. एरवी टराटरा फाडायचे, ती मात्र हळूहळू फाडली. पडद्याच्या फटीत हमीदा उभी होती. ती आत निघून गेली.

लग्नाचा दिवस उजाडला. मी गंगापूरहून बारात घेऊन आलो. मंडप लिंबाखालीच. निकाह झाला, जेवणं झाली. तिकडं मोटार तयार. काळी पॉलिश केलेली, टपाला नवीन ताडपत्री, पुढं फुलांच्या माळा. मिस्त्रींनी टोपीसुद्धा नवीन घातलेली, त्यात ते ओळखू येईनात. रुखसतीची, म्हणजे नवरीच्या पाठवणीची, वेळ झाली. "फडकं आणा," म्हणाले. गफूरनं चिंध्या आणल्या. पाहुणे कौतुकानं भोवती गोळा झाले. दोघं जण बसून जुळवायला लागले. एक कोपरा, दुसरा कोपरा, तिसरा. वेल आली, मधला भाग आला. चौथा कोपरा नाही.

परत जुळवलं. नाही. गफूरनं खिसे उलटे केले, मी मोटारीखाली लोळून आलो, मंडपातल्या सतरंज्या झाडल्या. पडद्याआड निरोप धाडला, एक चिंधी कुणी पाहिली का. बायका म्हणाल्या, लग्नघरात चिंध्या कसल्या विचारता? नवरीला कोण विचारणार! ती आत घूंघट घालून, भोवती सगळ्या रडतायत. मिस्त्री मोटारीपुढं उभे. मी हळूच म्हणालो, "मिस्त्री, कोपऱ्याची चिंधी, जाड शिवण. ती कशी आत राहील? पडली असल कुठं तरी. एक दिवसाचं तर काम हाये."

"घाट पण एकच होता," ते म्हणाले.

मुलाकडचे समजावून थकले. काझीसाहेब म्हणाले, मियाँ, लेकीचा दिवस आहे. मिस्त्रींच्या डोळ्यांना धारा लागलेल्या, पण मान हलत होती ती नाही नाहीच. जी मोटार लेकीसाठी केली, तीच मोटार लेक आत बसणार म्हणून ते चालू करीनात. शेवटी माझ्याच सर्व्हिस मोटारीत पुढच्या बाकाला चादरी बांधल्या आणि नवरी बसवली. मागं बारात, टपावर भांडी, शेवटाला कोळशाची भट्टी धूर सोडतेय. मी मोटार काढली तेव्हा मिस्त्रींनी खिडकीतनं हात घालून लेकीच्या डोक्यावर ठेवला, आणि लगेच वळून गेले. मी आरशात पाहिलं तर नव्या शेरवानीनिशी मोटारीखाली शिरत होते.

पुढं मी रोज फेरी संपली की चक्कर टाकायचो. मिस्त्रींनी चेंबर काढला, नाही. हेड काढलं, नाही. मग पिस्टन, मग सगळंच. जे इंजन दोन वर्षांत बांधलं ते पार सुटं करून चादरीवर मांडलं. चिंधी नाही ती नाहीच. गफूर म्हणाला, उंदरानं नेली. मिस्त्री म्हणाले, उंदीर आणून दाखव. परत जोडलं. परत जोडल्यावरही चालू केलं नाही. ओढणी झाडाखाली मांडलेली, वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर लोखंडी पाने ठेवलेले, आणि चौथ्या कोपऱ्याला भुई उघडी. हे तिच्यापुढं बसलेले. गिऱ्हाइकांवर खेकसायचेही बंद झाले. तेव्हा मात्र मला भीती वाटली, हा माणूस पण आता कुठल्या तरी पायरीवर जाऊन बसतो की काय.

त्यांच्यात लग्नानंतरचे पहिले काही शुक्रवार लेक-जावयाला माहेरी जेवायला बोलवतात. त्याला जुम्मागी म्हणतात. पहिल्या जुम्मागीला दोघांना गंगापूरहून मीच घेऊन आलो. माझ्यापुढं हमीदा पडदा करत नव्हती, तिला मी झबल्यात पाहिलेलं. उतरली, सलाम केला, आणि घरात जायच्या आधी झाडाखालची ओढणी तिला दिसली. तिथंच थांबली.

"अब्बा, हे अजून इथंच?"

मिस्त्री म्हणाले, "एक कोना नहीं मिल्या, बेटी. म्हणून तर तुला त्या धुराड्यात धाडली."

पोरीचा चेहरा उतरला. बुरख्याच्या आत हात घालून तिनं कमरेचा बटवा काढला. बटव्यातनं घडी केलेला पांढरा तुकडा. हिरवी वेल. तेलाचा डागसुद्धा नव्हता. तिनं तो पहिल्याच दिवशी उचलला होता, कशात कोंबायच्या आधीच; आत गेलाच नाही, तर जुळणीत कोण धरतंय असं तिला वाटलेलं. आईचं म्हणून संगं घेऊन गेली होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की मोटार कशामुळं अडली. मोटार तयार नाही, एवढंच कळालं होतं.

मी म्हटलं आता हा माणूस आभाळ डोक्यावर घेणार. मिस्त्री मटकन भुईवर बसले. "अगं येडे," म्हणाले, "मागितली असती तर अख्खी दिली असती."

हमीदा म्हणाली, "फाडते वक्त मेरेकू पूछे थे क्या?"

मिस्त्रींनी गफूरकडं पाहिलं, तो झाडाकडं बघायला लागला. जावई बिचारा हातात मिठाईचा पुडा घेऊन उभा. मग मिस्त्री म्हणाले, "नहीं पूछा. गलती हुई." आणि तुकड्यासाठी हात पुढं केला. "जरा वेळ दे. परत देतो."

तिनं दिला. त्यांनी स्वतः तो चौथ्या कोपऱ्याला लावला. दोरा दोऱ्याला लागला, वेलीचं पान मधनं फाटलेलं ते एक झालं. त्यांनी सगळ्या कडांवरनं हात फिरवला. मग उठले आणि एकदम जुना आवाज फुटला, "गफूर! तेल तापव! म्हसू, तोंड काय बघतो, प्लग काढ!"

जेवण राहिलं बाजूला. तेल कोमट झालं, भोकांत सोडलं. हमीदाला त्यांनी मोटारीत पुढं बसवलं, चाकापाशी. "या काट्याकडं बघ. हलला की सांग." आणि हँडलला स्वतः भिडले. मी म्हटलं, मी मारतो. "मोटार कुणाची?" म्हणाले. त्या मोडून सांधलेल्या मनगटानं फिरवत राहिले, घाम टोपीतनं दाढीत, दाढीतनं भुईवर. मधेच अंगठा बघायचे, बरोबर बाजूला आहे ना. हमीदा काट्याला नजर लावून बसलेली. गफूरनं जपाची तसबीह काढली. आणि मग ती ओरडली, "हिल्या अब्बा! काटा हिल्या!"

प्लग बसवले, पेट्रोल सोडलं. पहिल्या हँडलला नाही, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला ती बोलली. धूर निघाला, कावळे उडाले, आणि मग आवाज असा एका लयीत लागला की सांगायची सोय नाही. मिस्त्रींनी पेचकसाची मूठ कानाला लावली, चारी बाजूंनी फिरले. आम्ही सगळे गप्प. शेवटी कान काढला आणि लेकीला म्हणाले, "अच्छा आवाज देती ये. सुन." मूठ तिच्या कानाला लावली. ती किती वेळ ऐकत राहिली.

ओढणीच्या चिंध्या त्यांनी स्वतः गोळा केल्या, नेहमी हात पुसायला ठेवायचे तशा ठेवल्या नाहीत. सगळ्यांची घडी करून, चौथा कोपरा वर ठेवून, हमीदाच्या हातात दिल्या. तिनं त्या पदराशी धरल्या.

दुपारी मी गंगापूरच्या फेरीला निघालो. मोटार छावणीतनं बाहेर पडली, नदीचा पूल ओलांडला, आणि पुढं रस्त्याच्या मधोमध ती काळी मोटार. चाकापाशी मिस्त्री. आता हे सांगायचं राहिलंच, की इंजन बांधण्यात कुणाला हार न जाणारा हा माणूस मोटार चालवायला जाम भ्यायचा. त्यात जच्चा. पहिल्या गिअरात, माणूस चालतो त्याहून जरा पुढं. एक बैलगाडी त्यांच्या बाजूनं निघून गेली, गाडीवाला मागं वळून हसत होता. मी भोंगा वाजवला, परत वाजवला. माझे उतारू आरडायला लागले. शेवटी मी बाजूला माळावर घातली आणि त्यांच्या बरोबरीला आणली.

"मिस्त्री! दुसरा टाका की! असं कधी पोचायचं गंगापूर?"

"चिल्ला है!" ते ओरडले. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

मागच्या गादीवर जावई झोपलेला. हमीदा पुढं वाकून बापाच्या खांद्यावर हनुवटी टेकून बसली होती, चिंध्यांची घडी मांडीवर. मिस्त्री समोर बघत तिला काही तरी सांगत होते आणि ती हसत होती. मी पुढं निघून गेलो. गंगापूरला उतारू उतरवले, चहा घेतला, परतीचे भरले आणि निघालो. ते वाळूजलासुद्धा पोचले नव्हते, अलीकडंच भेटले. अजून पहिल्याच गिअरात, अजून बोलतच.